कोठडीत अचानक तंबाखू तुटलेल्या भावाला बाहेरून काय मदत करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ, वय ३४, गेल्या १८ दिवसांपासून खान्देशातल्या एका जिल्हा कारागृहात न्यायालयीन कोठडीत आहे. बाहेर असताना दिवसाला तंबाखूच्या दोन पुड्या आणि आठ-दहा बिड्या. आत दोन्हींना मनाई. तरी चार-पाच दिवसांनी कुणाकडून तरी चिमूटभर तंबाखू मिळते, बाहेरच्या कितीतरी पट भावाने. मुलाखतीला गेलात की तो केसबद्दल बोलतच नाही, ‘पुडी आण, नाहीतर पैसे टाक’ एवढंच. झोप नाही, डोकं धरतं, पोट साफ होत नाही, बराकीत दोनदा भांडण झालं. घरी आई म्हणतात, ‘एकदम तोडी ते पोऱ्या मरी जाई.’ तुम्ही विचारलंय की हा त्रास किती दिवस चालेल, निकोटिनच्या गोळ्या आत देता येतील का, आणि सुटल्यावर तो पुन्हा खाणारच असेल तर एवढा खटाटोप कशाला.

आधी आईंची भीती. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एका दिवसात तुटली तर जिवाला खरंच धोका असतो. तंबाखू-बिडीचं तसं नाही. निकोटिन तुटलं की माणूस हैराण होतो, चिडतो, रडकुंडीला येतो, पण त्याने मरत नाही. उलट हृदयाला आणि फुप्फुसांना पहिल्या दिवसापासून आराम पडायला लागतो. आईंना हे अगदी स्पष्ट सांगा. मुलाखतीच्या जाळीपलीकडून त्यांच्या डोळ्यांतली भीती त्याला दिसते आणि तीच धरून तो पुडी मागतो. यात त्याची लबाडी नाही. तल्लफ माणसाकडून असं करवून घेते.

आता दिवसांचा हिशोब. निकोटिन रक्तात फार टिकत नाही, साधारण दर २ तासांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेत ते जवळजवळ संपतं, म्हणून रोजच्या खाणाऱ्याला सकाळी तोंड धुण्याआधी तंबाखूचा बार लागतो. पूर्ण तुटल्यावर काही तासांतच बेचैनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला जाते आणि मग उतरायला लागते. बहुतेकांचा त्रास २ ते ४ आठवड्यांत बराचसा ओसरतो. वाढलेली भूक मात्र पुढेही काही महिने राहू शकते.

म्हणजे १८ व्या दिवशी तुमच्या भावाचा त्रास उताराला लागलेला असायला हवा होता. तो लागलेला नाही, आणि त्याचं बहुधा कारण तुम्हीच लिहिलंय: चार-पाच दिवसांनी मिळणारी ती चिमूट. रोजच्या निकोटिनने मेंदूतल्या ते पकडणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. पुरवठा पूर्ण थांबला तर काही आठवड्यांत त्या कमी होतात. पण दर चार-पाच दिवसांनी थोडं निकोटिन पोचत राहिलं की त्या तशाच राहतात. शिवाय मेंदू एक नवी गोष्ट शिकतो: वाट पाहिली, भांडलो, मागणी केली की मिळतं. रोज ठरल्या वेळी मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा कधी मिळते कधी नाही अशा गोष्टीची ओढ जास्त घट्ट बसते. तुमचा भाऊ तंबाखू सोडतोही नाहीये आणि खातही नाहीये. दर आठवड्याला तो पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसावर येऊन उभा राहतो. आधी सोडवायचं आहे ते हे. निकोटिनच्या गोळ्यांचा प्रश्न त्यानंतरचा.

मात्र सगळा दोष तंबाखूवर टाकण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या. पहिली, दारू. तो रोज पीत होता का? हात थरथरणं, दरदरून घाम, फीट येणं, नसलेल्या गोष्टी दिसणं हे दारू तुटल्यावरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत होतं. तुमच्या भावाची ती वेळ टळली आहे. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा माणूस कालच आत गेला असेल आणि तो रोजचा पिणारा असेल, तर मुलाखतीची वाट न पाहता आजच वकिलामार्फत कारागृहाच्या डॉक्टरांना कळवावं. दुसरी गोष्ट, चहा. घरी सहा-सात कप पिणाऱ्याला आत एक-दोनच मिळाले तर डोकं त्यानेही धरतं; ते मात्र आठवडाभरात थांबतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, मन. जामिनाची चिंता, बदनामी, घराची काळजी यानेही झोप उडते आणि माणूस अंगावर येतो. तो ‘आता काही उरलं नाही’, ‘माझ्यामागे पोरांना सांभाळा’ असं बोलत असेल, बोलता बोलता एकदम गप्प होत असेल किंवा जेवण सोडत असेल, तर त्याच दिवशी कारागृह अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तंबाखूचा विषय तेव्हा बाजूला ठेवायचा.

पैशांच्या मागणीकडे मी तुमच्यापेक्षा जास्त गंभीरपणे पाहतो. आत तंबाखू म्हणजे नाणं असतं. मनाई जितकी कडक, तितका भाव चढा. चिमूट उसनी मिळते आणि उधारी वाढत जाते. बराकीतली दोन भांडणं तल्लफेची असतील, तशी उधारीचीही असू शकतात. त्याला एकदा शांतपणे विचारा, ‘कुणाचं देणं आहे का?’ उत्तर काहीही आलं तरी बाहेरच्या कुणा अनोळखी माणसाच्या फोन नंबरवर एक रुपयाही टाकू नका. एकदा टाकलेत की पुढच्या आठवड्यात आकडा वाढतो आणि तुमचा नंबर आणखी दोघांकडे जातो. कॅन्टीनसाठी पैसे द्यायचे ते कारागृहाच्या अधिकृत मार्गानेच, त्याच्या खात्यावर, ठरलेल्या मर्यादेत. कुणी धमकावत असेल तर वकिलांना सांगा. तारखेला न्यायाधीशांसमोर ते मांडता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो आणि त्यांचे वकील कारागृहात भेटीला जातात.

पुडी आत नेण्याचा विचारही नको. मनाई केलेली वस्तू कारागृहात नेणं हा १८९४ च्या तुरुंग अधिनियमापासूनच गुन्हा आहे. त्या कायद्याच्या कलम ४२ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. भाकरीच्या घडीत, चपलेच्या तळव्यात, साबणाच्या वडीत लपवलेलं झडतीत सापडतं, आणि मग मुलाखत बंद होण्याची वेळ येते. आज त्याला तुमच्या मुलाखतीची गरज तंबाखूपेक्षा जास्त आहे. सगळ्यात धोक्याचा दिवस म्हणजे तारीख. न्यायालयाच्या आवारात पोलीस पार्टीबरोबर तो उभा असतो, भेटायला मामा, मेहुणे, मित्र आलेले असतात, आणि एखादा मायेपोटी मुठीत पुडी सरकवतो. तारखेला जो जो येणार असेल त्याला घरूनच बजावून आणा.

आता खान्देशापुरती एक गोष्ट, जी बंदीच्या चर्चेत सहसा सुटते. तुरुंगातल्या बंदीबद्दल जगभर जे काम झालंय ते धुराबद्दल आहे. न्यूझीलंडने १ जुलै २०११ पासून सगळे तुरुंग धूरमुक्त केले. घोषणा वर्षभर आधी केली होती आणि तेवढ्या वेळात कैद्यांना अंगाला चिकटवायचे निकोटिनचे पट्टे आणि गोळ्या देऊन तयार केलं. स्कॉटलंडने ३० नोव्हेंबर २०१८ ला तेच केलं आणि पहिल्या आठवड्यातच तिथल्या हवेतले धुराचे बारीक कण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. धूर थांबला की शेजारच्या न ओढणाऱ्यालाही फायदा होतो, हे खरंच मोठं काम आहे. पण आपल्याकडे दुखणं वेगळं आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि चघळणारे, मळणारे, मिश्री लावणारे मिळून २४.४ टक्के. चघळण्याच्या तंबाखूला धूर नाही, वास कमी, आवाज नाही. कापडाच्या शिवणीत चार दिवसांची तंबाखू मावते. धूर शोधणारी बंदी तिला शोधू शकत नाही. म्हणून आपल्याकडच्या कारागृहांत नुसती झडती वाढवून भागणार नाही. ज्याला सवय आहे त्याला पहिल्या दिवशीच ओळखून उपचार द्यावा लागेल, नाहीतर बंदीने फक्त चिमटीचा भाव वाढतो. हे मी ठामपणे म्हणतो. त्याच बराकीच्या दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या खिशात डबी असेल, तर त्यालाही याच उपचाराची गरज आहे.

तुमच्या भावाला दोन सवयी आहेत आणि दोन्ही वेगळ्या सुटतात. बिडीचं निकोटिन फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूत पोचतं, झटका देतं आणि लवकर उतरतं. चुना लावून मळलेली तंबाखू गालातून सावकाश शिरते. चुन्याने तोंडातलं पाणी अल्कधर्मी होतं आणि निकोटिन कातडीतून आत जायला मोकळं होतं. चुना त्यासाठीच लागतो. बार अर्धा तास तोंडात राहतो, म्हणून एका बारातून जाणारं एकूण निकोटिन एका बिडीपेक्षा जास्त असू शकतं. शिवाय हातांची सवय असते. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखाने काढलेला चुना, अंगठ्याने दाबून मळणं, दोन टाळ्या देऊन भुसा उडवणं, मग चिमूट खालच्या ओठामागे. वीस वर्षांत हे लाखभर वेळा झालेलं असतं. आत बसल्या बसल्या त्याचा अंगठा तळव्यावर फिरत असेल, तर ते त्याला स्वतःलाही कळत नसेल. या हातांना काम द्यावं लागतं.

म्हणून पुढच्या मुलाखतीत उपदेश करू नका. वेळ मोजून मिळते. पहिली काही मिनिटं घरची खुशाली, पोरांच्या गोष्टी. मग एकच प्रश्न: ‘दिवसात सगळ्यात वाईट वेळ कोणती?’ बहुतेकांची उत्तरं ठरलेली असतात: उठल्यावर संडासला जाण्याआधी, चहानंतर, जेवणानंतर, संध्याकाळी बराकीला कुलूप लागल्यावर. वेळ कळली की उपाय नेमका सांगता येतो.

सकाळची वेळ पोटाशी बांधलेली आहे. निकोटिन आतड्याला चाळवतं, म्हणून ‘बार भरल्याशिवाय होत नाही’ हे खोटं नाही. ते तुटलं की आतडं दोन-तीन आठवडे सुस्त राहतं. उठल्या उठल्या दोन तांबे पाणी, दहा मिनिटं चालणं, आणि झालं नाही तरी रोज त्याच वेळी जाऊन बसणं. कॅन्टीनमध्ये केळी मिळत असतील तर रात्री जेवल्यावर दोन. तेवढ्याने भागलं नाही तर कारागृहाच्या दवाखान्यात इसबगोल मागायचं. पोट साफ व्हायला लागलं की निम्मी लढाई सोपी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो. लोक तंबाखूकडे परत जातात त्याचं कारण अनेकदा तल्लफ नसून पोट असतं.

चहा-जेवणानंतरच्या वेळी तोंडाला दुसरं काही हवं. बडीशेप, धणाडाळ, लवंग, फुटाणे, जे कॅन्टीनमध्ये मिळेल ते. चावून लगेच गिळायचं नाही, तंबाखू ठेवायचा त्याच जागी ठेवून सावकाश चघळायचं. सुपारी मात्र नको, साधीसुद्धा नको. ती स्वतःच तोंडाचा कर्करोग करते आणि तोंड आखडवते. तंबाखूच्या जागी सुपारी लावून घेतली तर आपण दुखणंच बदललेलं असतं. हातांसाठी शेंगा सोलणं, कपडे धुणं, आत शिवण-सुतारीचं काम असेल तर ते मागून घेणं. पोरांना पत्र लिहायला सांगा. लिहिणारा हात मळत नाही.

संध्याकाळच्या कुलपानंतरचे तास सगळ्यात लांब असतात, सकाळपर्यंत हलायला जागा नाही. तल्लफेची लाट आली की ती साधारण ३ ते ५ मिनिटांत उतरते. ती कायम राहणार असं वाटतं, म्हणून माणूस हात पसरतो. त्याला सांगा, लाट आली की भिंतीला पाठ लावून बस, नाकाने चार आकडे मोजत श्वास घे, तोंडाने सहा आकडे मोजत सोड, असं तीसेक वेळा कर. मधे पाण्याचे दोन घोट. मोजणं संपेपर्यंत लाट उतरू लागलेली असते. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण करून पाहिल्यावर पटतं. दुपारी चारनंतर चहा नको. बिडीच्या धुरामुळे यकृत चहातलं कॅफीन लवकर संपवत असतं. बिडी बंद झाली की तेच कॅफीन जास्त वेळ अंगात राहतं आणि झोप खातं.

याच कारणाने एक वैद्यकीय इशारा. धूर बंद झाला की काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं: मानसिक आजारासाठीची ओलान्झापिन, क्लोझापिन आणि दम्यासाठीची थिओफिलिन. भाऊ यातलं काही घेत असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, डोस बदलावा लागू शकतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनची गोळी दिली तरी तो राहतो. मधुमेहाचं इन्सुलिन चालू असेल तर साखर जास्त वेळा तपासावी.

आता गोळ्यांचा प्रश्न. २ मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पण मुलाखतीत हातोहात काहीच देता येत नाही, औषधही नाही. ते कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फतच जायला हवं. शिवाय च्युइंगमची आत वेगळी अडचण आहे. चावलेलं गम कुलपात भरता येतं, म्हणून अनेक तुरुंगांत ते चालत नाही. गम दर एक-दोन तासांनी घ्यायचं असतं, तर आतल्या दवाखान्यात औषधवाटप दिवसातून ठरावीक वेळाच होतं. त्यामुळे कारागृहात मला दोन गोष्टी जास्त सोयीच्या वाटतात. एक, दिवसातून एकदा लावायचा निकोटिनचा पट्टा. दुसरी, दिवसातून दोनदा घ्यायची व्हॅरेनिक्लिनची गोळी; तिच्यात निकोटिन नसतं, ती तल्लफ कमी करते. व्हॅरेनिक्लिन पहिले ३ दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, पुढचे ४ दिवस ०.५ मिलिग्रॅम दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी लागतो, निर्णय डॉक्टरांचाच. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर.

पट्टा २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमचा येतो. दिवसाला दहाहून जास्त ओढणाऱ्याला सहसा २१ पासून सुरू करतात. पण १८ दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पूर्ण ताकदीचा पट्टा लावला तर मळमळ आणि चक्कर येते. तुमच्या भावाच्या बाबतीत डॉक्टर खालच्या ताकदीचा विचार करतील. दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून लावायचा. विचित्र स्वप्नं पडली तर रात्री काढायचा. कारागृहातला नियम असा हवा की जुना पट्टा परत दिल्याशिवाय नवा मिळणार नाही. वापरलेल्या पट्ट्यातही निकोटिन उरतं. ऑस्ट्रेलियातल्या तुरुंगांत बंदीनंतर कैदी ते चहाच्या पत्तीत मिसळून ओढायला लागले होते. डॉक्टर पट्टा द्यायला का कचरतात हे त्यावरून कळेल. अर्ज करताना ‘समोर लावून द्यावा, जुना परत घ्यावा’ असं स्वतःच लिहिलंत तर होकार मिळणं सोपं जातं.

गमला परवानगी मिळाली किंवा तो बाहेर आल्यावर वापरणार असेल तर पद्धत नीट शिकवा, कारण चघळणारा माणूस ते सुपारीसारखं कडाकडा चावतो. सात-आठ वेळा सावकाश चावायचं, तिखटसर झणझण आली की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचं. झणझण गेली की पुन्हा थोडं चावायचं. एक गम अर्धा तास. आधी १५ मिनिटं चहा, लिंबू, थंड पेय नको, आंबट तोंडात निकोटिन शिरत नाही. लाळ घटाघट गिळली तर उचकी लागते आणि छातीत जळजळते. मग लोक ‘हे सोसत नाही’ म्हणून फेकून देतात. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे ३ आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे ३ आठवडे चार-आठ तासांनी. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिला बार लागतो त्याला ४ मिलिग्रॅम, बाकीच्यांना २.

यात मी खरं तेच सांगतो: गम आणि पट्ट्याचा फायदा बिडी-सिगारेटवर पक्का सिद्ध आहे, चघळण्याच्या तंबाखूवर तितका नाही. तिथे व्हॅरेनिक्लिन आणि नियमित समुपदेशन जास्त उपयोगी पडतं. तुमच्या भावाचे १८ दिवस गेलेच आहेत. मधली चिमूट पूर्ण थांबली तर आणखी दोन-तीन आठवड्यांत औषधाशिवायही तो बाहेर पडेल अशी चांगली शक्यता आहे. चिमूट थांबत नसेल, भांडणं चालू असतील, तर मात्र औषध मागाच.

अर्ज साधा लिहा. अधीक्षकांच्या नावे, विषय ‘तंबाखू व्यसनमुक्ती उपचाराबाबत’. त्याचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक, न्यायालय आणि केस क्रमांक. मग चार ओळी: तंबाखू कोणती, दिवसाला किती, किती वर्षांपासून, उठल्यावर किती मिनिटांत लागते; बिड्या किती; दारू होती का; आधीचे आजार आणि चालू औषधं. शेवटी विनंती: वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासावं, तोंडाची तपासणी करावी आणि गरज वाटल्यास जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या तंबाखू व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवावं. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. आठ दिवसांत काही झालं नाही तर वकील तीच प्रत जोडून न्यायालयाकडे वैद्यकीय उपचाराचा अर्ज करू शकतात.

तोंडाची तपासणी मुद्दाम लिहिली. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का, हे त्याला करून पाहायला सांगा. दोनच जात असतील तर तोंड आखडायला लागलंय. गालात किंवा जिभेखाली पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गिळताना टोचणं, यातलं काहीही असेल तर दंत किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवलंच पाहिजे. बाहेर असताना तो कधी गेला नसता. बिडी सुटल्यावर खोकला आणि कफ काही दिवस वाढतो. फुप्फुसं साफ होत असतात, घाबरू नका. कफात रक्त असेल किंवा खोकला दोन आठवड्यांच्या वर चालला तर थुंकीची क्षयासाठी तपासणी मागा. भरलेल्या बराकीत ती लांबवायची नसते.

तुमचा शेवटचा प्रश्न, सुटल्यावर पुन्हा खाणार असेल तर कशाला. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात तंबाखूमुक्त तुरुंगातून सुटणाऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आत काहीच खास समुपदेशन मिळालं नव्हतं त्यांच्यातले सुटल्यानंतर तीन आठवड्यांनी फक्त ७ टक्के बिनधुराचे राहिले. ज्यांना सुटण्याआधी सहा बैठका आणि सुटल्यावर दोन फोन मिळाले त्यांच्यातले २५ टक्के. आत कितीही महिने तंबाखू तुटलेली असली तरी नुसत्या बंदीवर माणूस टिकत नाही, आणि थोड्याशा तयारीने टिकणारे तिपटीहून जास्त होतात. तुमचा भाऊ त्या २५ मध्ये बसावा एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

ती तयारी जामिनाच्या आधी करायची. फाटकावर घ्यायला कोण जाणार हे ठरवा. तंबाखू न खाणारा माणूस जाऊ द्या. फाटकासमोरची टपरी आणि एसटी स्टँडवरची टपरी या पहिल्या दोन जागा. स्टँड टाळून गाडीने सरळ घरी या. पहिला बार ‘एकच’ म्हणून दिला जातो. इतक्या दिवसांनी तो जोरात लागतो, चक्कर येते, उलटी होते, तरी संध्याकाळी दुसरा लागतो. घरात त्याच्या शर्टांचे खिसे, गाडीची डिक्की, शेतातल्या झोपडीचा कोनाडा रिकामा करा, चुन्याची डबी फेका. आई मिश्री लावत असतील, वडील मळत असतील, तर त्यांनाही त्याच दिवशी थांबवायला सांगा. मिश्रीच्या वासाने तल्लफ जागी होते. कापूस वेचताना, केळीचे घड भरताना दर तासा-दोन तासांनी सगळे थांबून मळतात. त्याने त्या वेळी काय करायचं, कुठे बसायचं, हातात काय धरायचं हे आधी ठरलेलं हवं. पहिले तीन आठवडे त्याला त्या टोळीत न पाठवता घरच्या शेतावर किंवा दुसऱ्या कामाला लावता आलं तर उत्तम.

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे, पुडीवरही छापलेला असतो. बाहेर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडून फोन करवून घ्या, आणि हवं तर आजच तुम्ही स्वतः करा; घरच्यांनाही ते सांगतात. संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर येणाऱ्या, शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्यांनाही हेच लागू आहे. रजेचे दिवस म्हणजे छोटी सुटकाच, आणि रजेवरून परतताना झडती ठरलेली असते.

पुढच्या मुलाखतीहून आलात की तीन गोष्टी कळवा: शेवटची चिमूट कोणत्या दिवशी झाली, तोंडात किती बोटं जातात आणि कुणाचं देणं आहे का. त्यावरून पट्टा मागायचा, व्हॅरेनिक्लिन मागायची की नुसतं थांबायचं, ते जास्त नेमकं सांगता येईल.